लंगोटाला पाणी नाही, डायपरला जागा नाही, मग लेकराला पायावर धरा

आधी माप सांगते. ब्लाउज असो की लेकरू, मापाशिवाय मला बोलता येत नाही. थोरल्याला पहिल्या वर्षी दिवसाला सहा-सात डायपर लागायचे, म्हणजे महिन्याचे दोनशेच्या घरात. धाकटीला सव्वा महिन्यापासून शी-शूला धरायला, म्हणजे तिची वेळ ओळखून डब्यावर उकिडवं धरायला लागले, तर ती पाच महिन्यांची असताना महिन्याला चाळीस-बेचाळीस डायपर पुरले, आणि त्यातले तीस रात्रीचे. घर तेच, शिलाई मशीन तीच, मी तीच. धाकटीच्या वेळी मी आज्जीचं ऐकलं, एवढाच फरक.

थोरल्याच्या वेळी का ऐकलं नाही, तेही सांगते. तो मार्च २०१६ चा. लातूरकराला या सालाबद्दल जास्त सांगावं लागत नाही. मांजरा धरण आटलेलं, पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लागलेलं, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली ती पाच लाख लिटर घेऊन. माझं बाळंतपण खरं तर माहेरी, निलंगा तालुक्यात व्हायचं. पण तिथला बोअर आटला म्हणून आईच माझ्याकडे आली, आज्जी तिकडंच राहिली. दिवसाला वीस-बावीस लंगोट निघायचे. घरात पाणी मोजून: प्यायचं पिंप वेगळं, सांडायचं, म्हणजे वापरायचं, वेगळं. दोन दिवस आईनं लंगोट तांब्याभर पाण्यात खळबळून वाळत घातले. त्यांचा वास आणि लेकराच्या जांघेतली लाली बघून तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "बाई, ते पाकिटातलं आण." आणलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. "पूर्वीसारखे सुती लंगोट वापरा" असा सल्ला देणाऱ्यांच्या घरी नळाला रोज पाणी येत असणार.

पाणी वाचलं, पण कचरा साठला. एका रात्री मी डायपरची पिशवी गेटबाहेर ठेवायची चूक केली. कुत्र्यांनी फाडली, आणि सकाळी आमच्या दारापासून शेजारच्या काकूंच्या पायरीपर्यंत माझ्या लेकराची आठवड्याची कमाई पसरलेली. काकू बोलल्या काहीच नाहीत, नुसता खराटा आणून माझ्या दाराशी टेकवून गेल्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. गंमत म्हणजे पाण्याची रेल्वे यायच्या चारच दिवस आधी, ८ एप्रिल २०१६ ला, केंद्र सरकारचे घनकचऱ्याचे नवे नियम निघाले होते. त्यात डायपरचं नाव घेऊन लिहिलं होतं की कंपनीनं दिलेल्या पाकिटात किंवा दुसऱ्या कशात तरी नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावा. मला हे कळलं सात वर्षांनी.

आणि एकदा सवयीनं मी एक कोरा डायपर उसवायला घेतला. कुणाचं काम कसं शिवलंय ते उसवल्याशिवाय मला चैन पडत नाही. टीपच सापडेना! आख्ख्या डायपरला एक दोरा नाही. सगळं गोंदानं आणि उष्णतेनं चिकटवलेलं. वरचा मऊ पदर म्हणजे पॉलिप्रोपिलीन, खालचा पाणी न झिरपणारा म्हणजे पॉलिइथिलीन, कडेला रबर, आणि मधे लाकडाच्या लगद्याच्या कापसात साबुदाण्याच्या पिठासारखी पांढरी पूड. त्या पुडीचं नाव सोडियम पॉलिअॅक्रिलेट. पेलाभर पाणी ओतलं तर तिची लापशी झाली, वाटी उलटी केली तरी सांडेना. युक्ती भारीच आहे. पण लगदा सोडला तर यातलं काही कुजत नाही, आणि एकमेकांना असं चिकटलेलं काढून वेगळं कोण करत बसणार?

धाकटी नोव्हेंबर २०२३ ची. या वेळी मी माहेरी गेले. आज्जी ओसरीवर बसून असते, वय ऐंशीच्या पुढं, डोळ्यानं कमी दिसतं. लेकरू मांडीवर दिलं की थोड्या वेळानं म्हणायची, "घे गं हिला, शू करायलीय." आणि खरंच, दोन मिनिटांत डायपर गरम. मी विचारलं, आज्जी, तुला कसं कळतं? तर म्हणाली, "लेकरू सांगायलंय की. तुलाच ऐकू येईना."

चार दिवस नुसतं बघायचं

धरायची घाई करू नका. पहिले चार दिवस सकाळी मालीश-आंघोळ झाली की दोन-तीन तास डायपर काढून ठेवा. खाली मेणकापड, त्यावर जुन्या धोतराची चौघडी, त्यावर लेकरू. थंडी असेल तर झबलं, टोपडं, मोजे सगळं घाला, फक्त कमरेखाली मोकळं. शू झाली की वेळ लिहायची. मी गिऱ्हाइकांच्या वहीतच लिहायचे. वर 'हिरवा काठ, फॉल, गुरुवारी पाहिजे' आणि खाली 'शू १०.२०, शू १०.४५, शी ११.१०'. ती वही अजून आहे.

चार दिवसांत दिसलं ते असं. उठल्या उठल्या शू ठरलेली, तीसुद्धा भरपूर. लेकरू गाढ झोपेत सहसा शू करत नाही. आधी झोळीत चुळबुळतं, पाय ताणतं, मग करतं. त्या चुळबुळीतच उचललं तर झोळीही कोरडी राहते. दुसरी वेळ दूध पाजल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. पोटात दूध गेलं की खालची आतडीही हलायला लागतात. मोठ्यांना सकाळच्या चहानंतर होतं तसंच. धाकटीची शी बहुतेक वेळा याच वेळी. त्यानंतर जागेपणी दर वीस-पंचवीस मिनिटांनी थोडी थोडी शू. एका साडीला हातानं फॉल लावायला मला पाऊण तास लागतो. अर्धा फॉल झाला की हिची शू, असं गणितच बसलं. चार महिन्यांची झाल्यावर आख्खा फॉल होऊ द्यायची.

तुमच्या लेकराचं गणित वेगळं येईल. माझ्या नणंदेच्या मुलाला दूध पितानाच व्हायचं. तिनं मांडीखाली डबा धरूनच पाजायला सुरुवात केली.

खुणा म्हणाल तर त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. खेळता खेळता एकदम गप्प होऊन एका जागी बघत राहणं, ही सगळ्यात जास्त लेकरांत दिसते. चेहरा लाल करून कुंथणं ही शीची. ती आंधळ्यालाही कळते. वारा सरणं. छातीशी असताना तोंड सोडणं, धरणं, परत सोडणं. आम्हाला वाटतं दूध येईना, आणि ती बिचारी सांगत असते की मला आधी उतरवा. धाकटी शूच्या आधी अंगावर काटा आल्यासारखी शहारायची. हे सगळं डायपर घातलेला असताना दिसत नाही असं नाही, पण दिसलं तरी आपल्याला काही करायचं नसतं, म्हणून आपण बघणं सोडून देतो.

धरायचं कसं

मान सावरेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन-चार महिने, एकच रीत: लेकराची पाठ आपल्या पोटाला टेकवायची, डोकं आपल्या छातीवर, दोन्ही हात मांड्यांखाली घालून गुडघे कमरेच्या थोडे वर येतील असं उकिडवं धरायचं. मांड्या आपोआप फाकतात तेवढ्याच फाकू द्यायच्या. पाय ओढायचे नाहीत, सरळ तर करायचेच नाहीत. कमरेच्या सांध्यांना हे असं फाकलेलंच बरं असतं; म्हणून तर पाय सरळ आवळून दुपट्यात घट्ट बांधू नये म्हणतात. खाली डबा.

डबा म्हणजे माझ्याकडे श्रीखंडाचा एक किलोचा प्लास्टिकचा रिकामा डबा होता. तोंड मोठं, कडा गोल, वजन काही नाही, आणि वर झाकण. यापेक्षा चांगलं भांडं मला अजून मिळालेलं नाही. थंडीत त्याची कड लेकराच्या ढुंगणाला गार लागायची आणि आलेली शू परत जायची, म्हणून मी कडेला मऊ कापडाची इलॅस्टिक घातलेली पट्टी शिवली. अशा तीन पट्ट्या करा, धुवायला टाकता येतात. मुलगा असेल तर धार पुढं आणि वर जाते. डबा जरा तिरका, पुढच्या बाजूनं उंच धरायचा. हे मला नणंदेनं सांगितलं, तेव्हा तिची भिंत आधीच ओली झालेली होती.

मान सावरल्यावर आज्जीची रीत. न्हाणीत पाटावर बसायचं, पाय समोर लांब करायचे, दोन्ही पावलांमध्ये वीतभर जागा ठेवायची आणि लेकराला पावलांवर बसवायचं, एक मांडी या पावलावर, एक त्या पावलावर. आपल्याकडं बाळंतिणीच्या पायावर लेकराला न्हाऊ घालतात, तीच बैठक. न्हाऊ घालताना लेकरू आडवं असतं, इथं बसतं, एवढाच बदल. काखेत हात धरायचा. खाली डबा किंवा सरळ न्हाणीची फरशी.

ही फक्त आमच्या ओसरीची अक्कल आहे असं मला वाटायचं. माझी मावसबहीण नर्सिंग शिकते, तिनं मोबाइलवर दाखवलं की केनिया-टांझानियाच्या किनाऱ्यावरचे डिगो लोकही हेच करतात. बाई जमिनीवर पाय लांब करून बसते, लेकराला पायांमध्ये घेते आणि तोंडानं 'शू' असा आवाज काढते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात १९७७ साली ते छापून आलंय. आज्जीला सांगितलं, तर म्हणाली, "मग? तिथल्या लेकरांना काय वेगळं ढुंगण असतंय?"

आवाजाचं एक नीट समजून घ्या, कारण इथंच जास्त बाया चुकतात. 'शू… शू…' हा हुकूम नव्हे. पहिले आठ-दहा दिवस लेकरू प्रत्यक्ष शू करत असतानाच तो आवाज काढायचा, डबा असो नसो, दुपट्यावर झाली तरी. शीला वेगळा, 'अं… अं…'. मग त्याच्या डोक्यात आवाज आणि ती जाणीव यांची गाठ बसते. नंतर धरून आवाज काढला की होतं. गाठ बसायच्या आधीच अर्धा तास शू-शू करत बसलात तर तो आवाज म्हणजे नुसता पंखा.

दोन मिनिटं धरायचं. झाली तर झाली. लेकरू पाठ ताठ करून मागं झुकलं, रडलं, पाय झाडले, की लगेच उतरवायचं. नाही म्हणायचा त्याचाही हक्क आहे. रागवायचं नाही, ढुंगणावर चापट तर नाहीच. आणि एक गोष्ट आमच्या भागात अजून चालते ती स्पष्ट सांगते: दोन दिवस शी झाली नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी करून लेकराच्या शीच्या जागी घालतात. करू नका. नाजूक जागेला इजा होते. नुसत्या अंगावरच्या दुधावर असलेलं लेकरू दिवसातून सहा वेळा शी करतं आणि चार-चार दिवस करतही नाही. शी मऊ असेल, लेकरू नीट पीत-खेळत असेल, तर दोन्ही ठीक. आज्जीशी माझं भांडण झालं ते फक्त या देठावरून. मी जिंकले, पण दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

दिवसभर धरत बसायचं नाही

पहिल्याच दिवशी डायपरचं पाकीट फेकून द्यायचा उत्साह दाखवू नका. बाळंतीण आधीच झोपेला पारखी झालेली असते. दिवसातून दोनच वेळा धरा: सकाळी उठल्यावर आणि एका दुधानंतर. दिवसाची एक शी डब्यात पडली तरी घाणीतला मोठा वाटा सुटला, आणि जांघेची लालीही. धाकटीला पावडर कधी लागली नाही; तशीही ती लावू नये, नाकातोंडात जाते. दोन वेळा जमल्या की तिसरी घ्या. आमच्याकडं सकाळची पाळी यांची होती. हे कामावर जायच्या आधी लेकीला घेऊन न्हाणीत बसायचे आणि मोठ्यानं बातम्या वाचून दाखवायचे. यांचा आवाज ऐकला की तिला शी यायची, हे मी गमतीनं सांगत नाही.

लोक विचारतात, एवढ्या लहान लेकराला काय कळतं? खरं आहे, ताबा त्याच्याकडे नसतोच. शी-शू स्वतः धरून ठेवायची, सांगायची, जाऊन बसायची ही समज दीड-दोन वर्षांनी यायला लागते, कुणाला तीन वर्षांपर्यंत. धाकटी दोन वर्षांची व्हायच्या जरा आधी स्वतः सांगायला लागली. थोरला अडीच वर्षांचा झाल्यावर. म्हणजे धरल्यानं लेकरू फार पुढं गेलं असा दावा मी करणार नाही. मधल्या काळातले हजारावर डायपर वाचले, एवढंच म्हणेन.

आणि बिघडतंही. दात येताना बिघडलं. रांगायला लागल्यावर तर पंधरा दिवस तिला धरलं की धनुष्य व्हायची. तिला त्या दारामागच्या चपलेपर्यंत पोचायचं असायचं. अशा वेळी सोडून द्यायचं, फक्त सकाळची एक वेळ चालू ठेवायची. आपोआप परत येतं. माझी सगळ्यात महाग चूक सहाव्या महिन्यातली. एका गिऱ्हाइकाची पैठणी फॉलसाठी आली होती, ती घडी करून कडेला ठेवलेली. मला एक बाही पुरी करायची होती, म्हणून 'दोन मिनिटं थांब गं' म्हणाले. ती नाही थांबली. काठावर नव्हतं, पदरावर नव्हतं, आतल्या अंगावर तळहाताएवढं. ड्रायक्लीनिंगचे पैसे मी भरले आणि बाईंना खरं सांगितलं. त्या हसल्या, पण त्यानंतर फॉलला साडी आणतात ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून.

शेजारच्या दोघी-तिघी म्हणायच्या, "कशाला लेकराला तंगवायलीस, घाल की डायपर, हजार-दोन हजाराला काय होतंय." नोकरीवर जाणाऱ्या बाईला, पाळणाघरात लेकरू ठेवणारीला हे दिवसभर जमणार नाही, ते मला मान्य आहे. तिनं सकाळ-संध्याकाळ करावं. आणि उलट बाजूनं, ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची लेकरं फडाच्या कडेला झोळीत उघडी असतात, त्याला कुणी 'नैसर्गिक' म्हणून कौतुक करू नये. त्यांच्याकडं डायपर नाही तसं पाणीही नाही आणि साबणही.

पाणी आणि शी

आमच्या भागात नळाला रोज पाणी येत नाही; आलं की पिंप, घागरी, बादल्या भरून ठेवायच्या. म्हणून मी पाणीही मोजलं. फक्त लंगोट वापरले तर दिवसाचे धुवायला चार बादल्या जायच्या. धरायला लागल्यावर दिवसाला पाच-सहाच लंगोट ओले व्हायचे आणि तेही बहुतेक शूचे. एक बादली, फार तर दीड. डबा धुवायला तांब्याभर पाणी. शूच्या लंगोटाचं साबण न लावलेलं पहिलं पाणी मी कढीपत्त्याला घालते. कढीपत्ता जोरात आहे.

शीचं मात्र ऐका. लहान लेकराची शी म्हणजे काही घाण नव्हे, असं आपल्या बाया सर्रास मानतात आणि नालीत नाहीतर उकिरड्यावर टाकतात. जुलाबाचे जंतू तिच्यातही मोठ्यांच्या शीइतकेच असतात. डब्यातली शी संडासातच टाकायची, डबा धुतलेलं पाणीही संडासातच. न्हाणीत पायावर बसवून शी झाली तर आधी कागदानं उचलून संडासात, मग फरशीवर पाणी. डबा उन्हात पालथा घालायचा. मराठवाड्यात ऊन तरी फुकट आणि भरपूर आहे. आणि हात साबणानं धुवायचे, दर वेळी. मी मशीनजवळच साबण आणि पाण्याची बाटली ठेवली होती, नाहीतर आळस होतो.

जे डायपर वापराल, त्यातली शी आधी संडासात झटका, मग गुंडाळी करून त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बंद करा, कागदात बांधा आणि घंटागाडीला वेगळे हातात द्या. संडासात टाकू नका. ती पूड फुगून पाइप तुंबतो. चुलीत-पाणी तापवायच्या बंबात जाळू नका. गावाकडं हे फार चालतं, आणि तो प्लास्टिकचा धूर जातो तो शेजारी शेकत बसलेल्या बाळंतिणीच्याच नाकात.

रात्री मी डायपर घालते. रात्रीच्या शूला उठायला सांगणाऱ्यांनी रात्री येऊन बसावं. झोपायच्या आधी धरायचं, मग डायपर, पहाटे उठली की लगेच काढून परत धरायचं. सात-आठ महिन्यांनंतर बऱ्याच वेळा सकाळचा डायपर कोराच निघायचा, तोच दुसऱ्या रात्री.

एक काळजी घ्या. डायपर नसला की दिवसाला किती शू झाली ते पटकन लक्षात येत नाही असं वाटेल, पण खरं तर उलट आहे, प्रत्येक वेळ तुमच्या डोळ्यांसमोर होते. तो आकडा कामाचा असतो. जन्मानंतर पाच दिवसांनी लेकरानं चोवीस तासांत निदान सहा वेळा चांगली शू करायला पाहिजे. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात ती कमी झाली, पिवळीजर्द झाली, सहा-आठ तास झालीच नाही, तर आधी छातीला जास्त वेळा घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी पाजायचं नाही, कितीही ऊन असलं तरी. दुधातच पाणी असतं. शू करताना लेकरू दर वेळी कळवळून रडत असेल, सोबत ताप असेल, शीत रक्त दिसलं, किंवा शी खडूसारखी पांढरट फिकी झाली, तर घरगुती उपाय करत बसू नका. त्यातली पांढरी शी फार गंभीर असू शकते, त्याच दिवशी न्या.

लंगोटाचं माप

शेवटी माझ्या धंद्याचं. दिवसा मधल्या वेळेला लंगोट लागतोच, पण तो असा पाहिजे की एका हातानं सुटला पाहिजे. लेकरू शहारलंय आणि तुम्ही नाडीची गाठ सोडताय, तर उपयोग काय. जुनं धोतर किंवा दहा-बारा वर्षं धुतलेली सुती साडी घ्या. नवं कापड पाणी ओढत नाही. चोवीस इंची चौकोन, कोपऱ्यावर कोपरा ठेवून दुमडा, त्रिकोण होतो. लांब कड उरेबात, म्हणजे कापडाच्या तिरक्या अंगावर येते, तिला ताण असतो, म्हणून पोटाला काचत नाही. दोन्ही टोकांना आठ-आठ इंचाची सुती नाडी. मधल्या पट्टीला आतून आणखी एक पदर, चार इंच रुंद, फक्त मागच्या बाजूनं टाचलेला. सगळीकडून टीप मारली तर वाळायला दिवस जातो. गाठ निरगाठ मारायची नाही, एका बाजूला फास ठेवून सरकगाठ. मुलाला जादा पदर पुढं, मुलीला मधोमध. बारा लंगोट पुरतात. एका धोतरात सहा-सात बसतात, आणि उरलेल्या पट्ट्या डब्याच्या कडेला.

प्रवासाला मी डायपर घालते, पण डबाही नेते. तुळजापूरला जाताना एसटी औशाच्या स्टँडवर थांबली की मागच्या सीटवर लेकीला धरायची, झाकण लावायचं, उतरल्यावर संडासात ओतायचं. एकदा कंडक्टरनं डब्याकडं बघून विचारलं, ताई, श्रीखंड कुठलं? मी म्हटलं, घरचंच आहे.